गोलाला कोपरा नसतो

"पुठ्ठ्याला कागद लावायचा, त्यात एवढं काय आहे?" हे वाक्य मी रविवारी सकाळी चहात बिस्कीट बुडवता बुडवता बोललो. त्याच क्षणी बिस्कीट तुटून कपाच्या तळाशी गेलं. शहाण्या माणसाने एवढ्यावरून बोध घेतला असता. मी चमचा आणायला उठलो.

परत आलो तेव्हा बायकोने एक अठरा इंची गोल पुठ्ठा माझ्या कपाशेजारी ठेवलेला होता.

"मग तुम्हीच लावा," ती म्हणाली.

ती चिडून म्हणाली असती तर मला चाललं असतं. चिडलेल्या बायकोशी कसं वागायचं हे मला पंचवीस वर्षांच्या अनुभवाने माहीत आहे: पेपर उघडायचा. पण ती अगदी शांतपणे म्हणाली आणि अंडी फेटायला निघून गेली.

आमची ही केक करते. आधी हौसेपुरती करायची, पण दीड महिन्यापासून तिने ते मनावर घेतलं होतं. चौदा वर्षं ती एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या टेबलावर बसत होती. पेशंटचे नंबर लावायचे, डोळ्यांत थेंब घालायचे आणि "अजून किती वेळ?" या प्रश्नाला दिवसातून साठ वेळा "दहा मिनिटं" असं उत्तर द्यायचं. दोन महिने बिनपगारी रजा घेऊन तिने घरातून केक विकून पाहायचं ठरवलं. डॉक्टरांनी रजा दिली, पण एक तारखेला कामावर आली नाही तर दुसरी बाई ठेवू, असंही सांगितलं. त्या एक तारखेला आता बारा दिवस उरले होते, आणि एवढ्या दिवसांत तिचे सात केक गेले होते. त्यातले तीन माझ्या बहिणीने घेतले होते, तेही उपकार केल्यासारखे.

अशात चौकातल्या मोठ्या हॉलच्या मॅनेजरकडून ऑर्डर आली. एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस त्यांचे जुने विद्यार्थी साजरा करणार होते. माणसं दीडशे आणि केक दोन मजली. मॅनेजरने साफ सांगितलं, "वहिनी, हा केक पसंत पडला तर हॉलमधले वर्षभराचे सगळे केक तुमचे. नाही पडला तर आमचा जुना बेकरीवाला आहेच." म्हणजे एक तर वर्षभर केक, नाही तर एक तारखेपासून पुन्हा "पुढचा नंबर कोणाचा?"

केक ज्या जाड पुठ्ठ्यावर ठेवतात त्याला केक बोर्ड म्हणतात. मी पुठ्ठाच म्हणतो. केक लहान आणि पुठ्ठा मोठा असल्यामुळे चारी बाजूंनी, म्हणजे गोलाला जेवढ्या बाजू असतात तेवढ्या बाजूंनी, तो उघडा दिसतो. म्हणून त्याला काहीतरी छान आणि खाण्याजवळ ठेवण्याजोगं असं चढवावं लागतं. बायको गेले दोन दिवस याच चिंतेत होती. तेव्हाच मी ते बिस्किटाचं वाक्य बोललो.

आता मी उगीच बोललो नव्हतो. मी अठ्ठावीस वर्षं एका कार्यालयाच्या अभिलेख शाखेत आहे. अभिलेख शाखेत कोणी काही करत नाही असा लोकांचा समज असतो. मी कव्हरं घालतो. आमच्याकडच्या प्रत्येक रजिस्टरला खाकी कव्हर मी घातलेलं आहे. त्याचे कोपरे असे बसतात की एकदा साहेबांनी बाहेरून आलेल्या पाहुण्यांना रजिस्टर दाखवताना आतलं काही न दाखवता नुसता कोपरा दाखवला होता. मुलगी शाळेत होती तेव्हा दर जूनला तिची सगळी वह्या-पुस्तकं मी एका बैठकीत उरकायचो. आधी खाकी कागद, त्यावर लेबल, लेबलावर नाव, इयत्ता, तुकडी, विषय, शाळा आणि वरून पारदर्शक प्लास्टिक. मुलगी आता शिकायला दुसऱ्या गावी हॉस्टेलवर असते आणि सगळं संगणकावर लिहिते. संगणकाला कव्हर घालायला मी तयार होतो, पण ती नको म्हणाली.

तर अशा माणसापुढे एक पुठ्ठा टाकला होता. मी बाह्या वर केल्या.

संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानातून झगमगीत सोनेरी कागद आणला. दुकानदार म्हणाला, "भेटवस्तूला हाच नेतात सगळे." मी म्हटलं, केक हीसुद्धा भेटच. घरी येऊन कागद पसरला, पुठ्ठा मधोमध ठेवला, पट्टी घेतली, पेन्सिल घेतली आणि कोपरा दुमडायला हात पुढे केला.

कोपरा नव्हता.

मी पुठ्ठा फिरवला. दुसऱ्या बाजूलाही नव्हता. वाचकांना हे हास्यास्पद वाटेल, पण अठ्ठावीस वर्षांत एकही गोल रजिस्टर माझ्या टेबलावर आलेलं नाही. माझी सगळी विद्या कोपऱ्यात होती आणि या पुठ्ठ्याला कोपराच नव्हता. पोहण्यात पटाईत माणसाला कोरड्या विहिरीत उतरवल्यासारखं मला झालं. कागद खाली वळवला की चुण्या पडत. एक चुणी दाबली की शेजारी दोन उठत. तासाभराने पुठ्ठा झाकला गेला खरा, पण खालून तो एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या हनुवटीसारखा दिसत होता. वरून मात्र झकपक होता. मी तो बायकोपुढे धरला.

तिने कडेवर नखाने हलकेच खरवडलं आणि बोट मला दाखवलं. बोट सोनेरी झालं होतं.

"हे बाईंच्या पोटात जाणार," ती म्हणाली. "आणि चिकटवलंय कशाने?"

"ऑफिसच्या डिंकाने."

"त्या डिंकाच्या बाटलीत मागे झुरळ सापडलं होतं ना?"

ती गोष्ट मीच तिला रंगवून सांगितली होती. माणसाने घरी ऑफिसच्या गोष्टी सांगू नयेत.

"आणि मॅनेजरचा फोन होता," ती पुढे म्हणाली. "मागच्या महिन्यात त्यांच्या कुठल्याशा पाहुण्यांच्या दातांत चमकी अडकली, मोठं भांडण झालं. आता म्हणतात, बोर्डाला लावाल ते खाण्याजवळ चालतं असं कुठूनतरी लेखी आणा. खरं म्हणजे मी काय म्हणते, आपण सरळ त्याला साखर—"

"लेखी?" मी म्हटलं. लेखी हा शब्द ऐकला की मला पुढचं ऐकू येत नाही. "लेखीचं माझ्यावर सोड."

तिने माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होती, ते गिळलं आणि ओव्हनकडे गेली. ती काय बोलणार होती हे ऐकून घेतलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

आमच्या वरच्या मजल्यावर शास्त्रज्ञ राहतात. ते साबणाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. निवृत्त झाल्यापासून ते बिल्डिंगवर प्रयोग करतात. सोनेरी पुठ्ठा कचऱ्याच्या डब्याशी ठेवताना त्यांनी मला गाठलं.

"भाऊसाहेब, तुमचं मटेरियल चुकलं," त्यांनी पुठ्ठ्याकडे न बघताच सांगितलं. "फॉइल घ्या. केकवाल्यांचं वेगळं मिळतं, मागून कागद आणि पुढून चांदी. त्याला अन्न लागलं तरी काही होत नाही."

"चुण्या पडतात हो."

"इस्त्री करा."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला माझीच लाज वाटली. कपड्याच्या चुण्या इस्त्रीने जातात हे मला पन्नाशी ओलांडल्यावर एका साबणवाल्याने सांगावं.

तसं फॉइल केकच्या सामानाच्या दुकानात मिळालं. दुकानातली बाई म्हणाली की हे खाण्याजवळ चालतं. मी लेखी मागितलं तर ती हसली. सोमवारी ऑफिसातून येऊन मी पुठ्ठ्याला ते चढवलं, इस्त्री तापवली आणि फिरवली. चांदीवर डोळ्यांना न दिसणारा एक पातळ थर असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. शास्त्रज्ञांनाही नव्हतं, पण त्यांनी ते नंतर "अपेक्षित होतं" असं म्हटलं. तो थर पुठ्ठा सोडून इस्त्रीला लागला. मला वाटलं, पुठ्ठा जरा फिका झाला, एवढंच. इस्त्री जागेवर ठेवून मी हात धुतले.

मंगळवारी सकाळी घाईघाईत मी माझा समारंभाचा पांढरा शर्ट इस्त्री केला. तो एकच शर्ट बाईंच्या वाढदिवसाला घालण्याजोगा होता. उचलून बघतो तर बरोबर छातीवर, खिशाच्या वर, इस्त्रीच्या आकाराचा एक चांदीचा त्रिकोण. घासला, भिजवला, लिंबू लावलं. त्रिकोण आणखी चमकू लागला. शास्त्रज्ञांनी वरून उतरून पाहणी केली आणि "बाँडिंग फार उत्तम झालंय" असा शेरा दिला.

"कोट घाला वरून," बायको म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं का, हे मी मुद्दाम तपासलं नाही.

उरलेलं फॉइल नीट होतं आणि इस्त्री न करताही बरं दिसलं असतं. प्रश्न राहिला लेखीचा. बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि फॉइलचा तुकडा पाकिटात घालून खाद्यपदार्थ तपासणीच्या कचेरीत गेलो. पहिल्या खिडकीत माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते. त्यांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला.

"हे तुम्ही खाता का?"

"नाही. यावर केक ठेवतो."

"केक खाता. हे खात नाही."

"बरोबर."

"मग हा खाद्यपदार्थ नाही. जे खातात तेवढंच आम्ही बघतो. खात्रीने खाण्याचं असेल तर आमच्याकडे या. हे वेष्टन. दुसरा मजला."

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी चष्मा कपाळावर नेला. "वेष्टन कशाला म्हणतात? जे वस्तूच्या भोवती असतं त्याला. तुमचं हे केकच्या भोवती आहे का?"

"खाली आहे."

"मग वेष्टन कसं होईल? खाली जे असतं ते..." त्यांनी छताकडे पाहून विचार केला. "फर्निचरमध्ये येईल. पण फर्निचर आमच्या कचेरीत नाही."

खरं सांगतो, मला राग यायला हवा होता. पण मी जिन्यावर उभा राहिलो आणि मनातल्या मनात त्या दोघांना नमस्कार केला. अठ्ठावीस वर्षं हेच काम मी लोकांसाठी करत आलो होतो, पण इतक्या सफाईने मला कधी जमलं नाही. खिडकीच्या त्या बाजूला उभं राहिल्यावर ते कसं दिसतं, हेही पहिल्यांदाच कळलं. त्या दिवसापासून माझ्या खिडकीशी येणाऱ्या माणसाला मी निदान बसायला सांगतो. बाक नाही, पण सांगतो.

बसस्टॉपवर उभा असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या खिडकीतले गृहस्थ काय म्हणाले होते? जे खातात तेवढंच आम्ही बघतो. मग पुठ्ठ्याला लावायची वस्तू खाण्याचीच असली तर? ना वेष्टन, ना फर्निचर, ना लेखी. पुठ्ठ्यावर साखर लाटून पसरायची. केकवर ते पांढरं मऊ असतं ना, फॉन्डंट का काय, तेच. मी बस सोडून रिक्षा केली.

"अगं, सापडलं," मी दारातूनच म्हटलं. "पुठ्ठ्याला साखरेचंच कव्हर घालायचं. कागद नाहीच."

बायको पीठ चाळत होती. ती चाळतच राहिली.

"रविवारी मी काय म्हणत होते?" तिने विचारलं.

मी आठवून पाहिलं. सरळ त्याला साखर, इथपर्यंत आठवलं.

"मॅनेजरनासुद्धा मी मघाच फोन केला. साखर आहे म्हटल्यावर ते म्हणाले, मग लेखी कशाला." तिने चाळणी आपटली. "बोर्ड ओलसर होऊ नये म्हणून आधी त्यावर स्वयंपाकघरातलं पारदर्शक प्लास्टिक ताणून घ्या. त्यावर पाण्याचा हात फिरवा आणि मग मी लाटून दिलेली साखर. तीन दिवस वाळवावं लागतं. जमेल का तुम्हाला? का बाहेर देऊ?"

त्या "बाहेर देऊ"ने मला लागलं. त्याहून जास्त लागलं ते हे, की तिचा चेहरा थकलेला होता आणि तिने तरीही मला विचारलं होतं. एवढे दिवस मी पुठ्ठ्याशी झुंजत होतो, पण पुठ्ठा तिचा होता, ऑर्डर तिची होती आणि एक तारीखही तिचीच होती. मी म्हटलं, "जमेल." बढाई न मारता म्हटलेलं ते माझं त्या आठवड्यातलं पहिलं वाक्य.

गुरुवार-शुक्रवार मी रजाच टाकली. गुरुवारी दुपारी तिने साखरेचा गोळा मळून, लाटून, झाकून ठेवला आणि ती लोणी आणायला बाहेर गेली. मी पुठ्ठा पुढे घेतला. त्यावर थेट प्लास्टिक ताणायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं. उघड्या पुठ्ठ्यावर प्लास्टिक कसं घालायचं? आत काहीतरी नको का? कपाटात खाकी कागद होताच. यावेळी मी घाई केली नाही. कागदाच्या कडेला बोटभर अंतरावर कात्रीने चिरे दिले आणि एकेक पाकळी मागे वळवत गेलो. चुणी पडली नाही. गोलाला कोपरा नसतो. त्याला शंभर लहान लहान कोपरे द्यावे लागतात. हे मी स्वतः शोधून काढलं आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

मग हात आपोआप ड्रॉवरकडे गेला. मुलीच्या दहावीची उरलेली लेबलं होती, त्यातलं एक मधोमध बसलं. सुंदर बसलं. आता लेबल बसलं तर त्यावर लिहायला नको? रिकामा रकाना मला बघवत नाही. तो आमच्या खात्याचा रोग आहे. मी पेन काढलं. नावापुढे बायकोचं नाव लिहिलं, नुसतं तिचं. इयत्ता: पहिली, कारण ऑर्डर पहिलीच मोठी होती. तुकडी: अ. विषय: केक. शाळा: आमचं स्वयंपाकघर. त्यावर प्लास्टिक ताणून मागे घट्ट बसवलं आणि लांब धरून पाहिलं.

तेव्हा मला कळलं की मी केकच्या पुठ्ठ्याची शाळेची वही केली आहे. पण प्लास्टिक इतकं छान बसलं होतं की ते काढायला हात होईना. आणि वर साखर येणार, साखरेवर केक येणार. केकच्या खाली कोण बघतं? मी पाण्याचा हात फिरवून साखर चढवली, कडा कापल्या, बोटाने गुळगुळीत केल्या. बायको आली, तिने वाकून पाहिलं, कडेवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं.

"छान झालंय हो," ती म्हणाली.

लेबलाचं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण असं वाक्य आमच्या घरात वर्षातून एकदा येतं. ते घालवायचं माझ्या जिवावर आलं.

पुढचे तीन दिवस मी त्या पुठ्ठ्याची राखण केली. पहिल्या दिवशी मुंग्या आल्या. टेबलाच्या चारी पायांखाली पाणी भरलेल्या वाट्या ठेवल्या, तेव्हा त्या भिंतीवरून आल्या. टेबल भिंतीपासून सरकवताना एक वाटी उलटली आणि खालच्या मजल्यावरून "वरून गळतंय" असा निरोप आला. दुसऱ्या दिवशी शास्त्रज्ञ "वाळलंय का बघू" म्हणून आले आणि कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकून "अजून थोडं" म्हणाले. तिथे बायकोने साखरेचं एक फूल लावलं. ते इतकं छान दिसलं की मग तिने गोलाकार बारा लावली.

रविवारी संध्याकाळी आम्ही हॉलवर गेलो. केक दिसत होता खरा. पांढरा, दोन मजली, वर साखरेच्या पुस्तकांची चळत. मॅनेजरने चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि फक्त "हं" म्हटलं. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो. हॉलमध्ये उकडत होतं आणि मी कोटात होतो. त्रिकोणामुळे मला कोटाचं बटणसुद्धा काढता येत नव्हतं.

बाई लहानखुऱ्या, ताठ, काठी न घेता चालणाऱ्या होत्या. त्या आत आल्या आणि दीडशे माणसं खुर्च्यांवरून एकदम उठून उभी राहिली. त्यांत पन्नाशीच्या पुढचे, पोटं सुटलेले, टक्कल पडलेले लोक होते, पण उभे राहिले ते हात मागे बांधून. मीही उभा राहिलो. बाईंनी केक कापला. पहिला घास खाऊन त्यांनी "लोणी ताजं आहे" असं जाहीर केलं. बायकोने माझं मनगट घट्ट धरलं.

दहा मिनिटांत वरचा मजला संपला आणि वीस मिनिटांत खालचाही. मी सुटकेचा श्वास घेणार, तेवढ्यात एक टाय लावलेले गृहस्थ टेबलाशी रेंगाळले. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि पुठ्ठ्याच्या कडेचं साखरेचं फूल उचकटून तोंडात टाकलं. फुलाबरोबर वीतभर साखर सुटून आली. प्लास्टिकवर ती चिकटली नव्हतीच, नुसती वाळली होती.

"अरे, हेही खायचं आहे," ते दुसऱ्याला म्हणाले.

मी उठलो. टेबलाशी जाऊन पुठ्ठ्यापुढे हात पसरून उभा राहिलो. "ते राहू द्या," मी म्हटलं. "केक आणखी आणतो."

"केक संपला ना?"

"म्हणूनच."

बायको दुरून माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर 'यांना ऊन लागलं का' असा प्रश्न होता. माझ्या काखेखालून एक हात गेला, कोपराखालून दुसरा. वर्गात बाईंची पाठ वळल्यावर जे होत असेल तेच तिथे चाललं होतं. पाच मिनिटांत पुठ्ठ्यावर साखरेचा कण राहिला नाही. आणि मधोमध, प्लास्टिकखाली, स्वच्छ वाचता येईल असं माझं लेबल होतं.

सगळे थांबले. मॅनेजर पुढे आला, त्याने वाचलं आणि त्याच्या भुवया जवळ आल्या. माझ्या डोळ्यांपुढे ते डोळ्यांच्या डॉक्टरांचं बाहेरचं टेबल उभं राहिलं.

"काय आहे तिथे?" बाईंचा आवाज आला. गर्दी दुभंगली. बाई आल्या, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. आधी बायकोचं नाव. मग इयत्ता पहिली. तुकडी अ. विषय केक. शाळा आमचं स्वयंपाकघर. शाळेची ओळ त्यांनी दोनदा वाचली.

"चाळीस वर्षं," त्या म्हणाल्या, "दर जूनला अशी कव्हरं माझ्या टेबलावर यायची." आणि त्यांनी खाकी कागदावरून, प्लास्टिकवरून, हळूच हात फिरवला. "ही मुलगी कुठे आहे?"

बायको पुढे आली. तिने ते लेबल तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. चौदा वर्षं तिने दुसऱ्यांची नावं पुकारली होती, आणि आमच्या घरात दारापासून विजेच्या बिलापर्यंत सगळीकडे माझं नाव आहे. ती स्वतःचं नाव वाचत उभी राहिली आणि तिचे डोळे भरले. मी कपाळाचा घाम पुसताना डोळेही पुसून घेतले आणि ते कोटाच्या गरमीवर ढकललं.

"तुकडी अ कोणी दिली?" बाईंनी विचारलं. "तुकडी शाळा ठरवते. आणि हे लिहिलं कोणी?"

मी हात वर केला. का कोण जाणे, वरच केला.

"पुढे या. कोटाची बटणं काढा, घाम किती आलाय."

दीडशे माणसांसमोर मी कोट उघडला. त्रिकोण दिव्याखाली चमकला. बाईंनी त्याकडे बघितलं, पण काही विचारलं नाही; चाळीस वर्षांत त्यांनी बरंच पाहिलं असणार. त्यांनी मॅनेजरच्या खिशातला मार्कर मागून घेतला, वाकल्या आणि प्लास्टिकवर लेबलाशेजारी सावकाश लिहिलं. लोक टाळ्या वाजवू लागले. मॅनेजर बायकोला म्हणाला, "वहिनी, ही शाळेची आयडिया फार आवडली बघा सगळ्यांना. उद्या येऊन वर्षाचं बोलून घ्या." आयडिया कोणाची, हे तिने त्याला सांगितलं नाही. नंतर, घरी जाताना, मला मात्र म्हणाली, "आयडिया तुमची."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डॉक्टरांना फोन करून एक तारखेला येत नाही म्हणून कळवलं. पुठ्ठा स्वयंपाकघरात ओव्हनच्या वर लावला आहे. बाईंनी लिहिलेलं अजून पुसलेलं नाही: "विद्यार्थिनी उत्तीर्ण. इयत्ता दुसरीत चढवली आहे. कव्हर चांगले. अक्षर सुधारणे."

अठ्ठावीस वर्षं माझ्या अक्षराला कोणी नाव ठेवलं नव्हतं. मी हे बायकोला दोन-तीन वेळा बोलून दाखवलं. तिने ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यातल्या ऑर्डरींसाठी बारा गोल पुठ्ठे तिने माझ्यापुढे मोजून ठेवले आणि त्यांच्यावर एक नवी कोरी दुरेघी वही ठेवली.

वहीला कव्हर नव्हतं. मी आधी ते घातलं.